ऐकू येण्याच्या काठावर

एक माणूस जेमतेम मावेल अशी जाड भिंतींची खोली. आत एक कामगार हेडफोन लावून बसला आहे, हातात एक बटण. काचेपलीकडे दुसरा माणूस यंत्राशी बसला आहे. हेडफोनमध्ये एक सूर येतो, एक-दोन सेकंद टिकतो, थांबतो. कामगार बटण दाबतो. पुढचा सूर थोडा हळू येतो, त्यापुढचा आणखी हळू. शेवटी असा एक सूर येतो की तो खरोखर आला की नुसता भास झाला, हे त्या कामगारालाही ठामपणे सांगता येत नाही. यंत्राशी बसलेला माणूस नेमकी तीच जागा शोधत असतो.

अमेरिकेत कारखान्यांतल्या कामगारांची श्रवणचाचणी घेणाऱ्यांसाठी एक खास प्रमाणपत्र आहे. ते देणारी संस्था म्हणजे ‘काउन्सिल फॉर ॲक्रेडिटेशन इन ऑक्युपेशनल हिअरिंग कन्झर्वेशन’, म्हणजेच सीएओएचसी. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा अभ्यासक्रम २० तासांचा आहे. कारखान्यातल्या परिचारिका, सुरक्षा अधिकारी, फिरत्या चाचणी-गाड्यांवरचे तंत्रज्ञ तो करतात. शेवटी परीक्षा असते, आणि मिळालेलं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. मग ८ तासांची उजळणी करून ते नवं करून घ्यायचं.

मला त्या २० तासांचंच कुतूहल वाटलं. कानाचा डॉक्टर व्हायला आयुष्यातली आठ-नऊ वर्षं जातात. मग २० तासांत असं काय शिकवता येतं, की ज्याच्या भरवशावर शेकडो माणसांचे कान सोपवावेत? खोलात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की या अभ्यासक्रमातला एकेक तास एका आश्चर्यावर उभा आहे.

अणूहून लहान हालचाल

सुरुवात कानापासून. निरोगी, तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा सूर घ्या. त्या सुराने कानाचा पडदा जेवढा हलतो ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं. एवढ्याशा हालचालीची खबर तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून आतल्या कानात पोहोचते. तिथे कॉक्लिया असते: अडीच-पावणेतीन वेढे घेतलेली, द्रवाने भरलेली नळी. उलगडली तर तिची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. या इवल्या लांबीवर सगळे सूर ओळीने मांडलेले असतात. टिपेचे सूर तोंडाशी आणि खर्जातले आतल्या टोकाशी उमटतात. कॉक्लियातल्या पडद्यावरून ध्वनीची लाट कशी सरकते हे ग्योर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवलं, आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

या नळीत केसपेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार आतल्या ओळीत आणि बारा हजार बाहेरच्या ओळींत. मेंदूला खबर देण्याचं काम प्रामुख्याने आतल्या पेशींचं. मग बाहेरच्या एवढ्या पेशी कशासाठी? १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की विजेच्या संकेताबरोबर या पेशी आखूड-लांब होतात. आलेल्या सुराच्या तालावर त्या नाचतात आणि त्या नाचाने क्षीण सुराला बळ देतात. त्याआधी १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी निरोगी कानातून बाहेर येणारा बारीक आवाज मायक्रोफोनने टिपला होता. कान आवाज घेतो आणि सोडतोही, हे तेव्हा अनेकांना खरंच वाटलं नाही. आज नवजात बाळांची श्रवणतपासणी याच शोधाच्या आधारे केली जाते.

पक्ष्यांच्या कानातल्या केसपेशी मेल्या तर त्यांच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कानात तसं होत नाही. जन्मताना मिळालेल्या पेशींवरच सगळं आयुष्य काढायचं असतं, आणि मोठा आवाज आधी बाहेरच्या, नाचणाऱ्या पेशींचा बळी घेतो.

दुखत नाही, म्हणून कळत नाही

किती मोठा आवाज? इथे डेसिबलचं गणित शिकावं लागतं, आणि ते आपल्या सवयीच्या बेरजेसारखं चालत नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ८५ वरून ८८ ही कागदावर किरकोळ वाटणारी वाढ कानासाठी दुप्पट मारा असते. जेमतेम ऐकू येणारा सूर आणि कानठळ्या बसवणारा १२० डेसिबलचा आवाज यांच्या ऊर्जेत एक लाख कोटी पटींचं अंतर आहे. हे सगळं एकच अवयव पेलतो.

अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नियमानुसार आठ तासांची सरासरी ८५ डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल, तर मालकाने श्रवणरक्षणाचा कार्यक्रम चालवलाच पाहिजे. आठ तासांसाठी कायदेशीर कमाल मर्यादा ९० डेसिबलची आहे, आणि दर ५ डेसिबलला मुभा निम्मी होते. या हिशोबाने १०० डेसिबलमध्ये दोन तास काम करता येतं. नायॉश ही तिथलीच संशोधन संस्था मात्र ८५ ची मर्यादा आणि ३ डेसिबलचा हिशोब सुचवते. तिच्या मते त्याच १०० डेसिबलमध्ये १५ मिनिटं पुरे. एकाच देशातल्या दोन सरकारी संस्था, एकच आवाज, आणि तरी दोन तास विरुद्ध पाव तास. प्रमाणपत्र घेणाऱ्याला हे दोन्ही आकडे माहीत असावे लागतात, कारण कायद्यात बसणारा प्रत्येक आवाज कानाला सोसतोच असं नाही.

नुकसान होण्याची रीतही विलक्षण आहे. गोंगाट कुठल्याही पट्टीतला असो, पहिला घाव बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, खास करून ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो. आपल्या कानाच्या बोगद्याची लांबीच अशी आहे, की ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर तो आपोआप मोठे करतो. आणि मोठ्या आवाजाची सर्वाधिक इजा त्या सुरापेक्षा जरा वरच्या पट्टीत होते. म्हणून ऑडिओग्रामच्या, म्हणजे श्रवणचाचणीच्या, आलेखात ४,००० पाशी खाच पडते आणि ८,००० पाशी रेघ पुन्हा सावरते. अनुभवी डोळ्याला ही खाच दिसली की गोंगाटाचा संशय येतो.

ही खाच पडलेल्या माणसाला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, रक्त येत नाही. पाळी संपवून घरी आल्यावर कान जड वाटतात, आत शीळ वाजत राहते, सकाळी पुन्हा सगळं ठीक. वर्षं जातात तसं हे सकाळचं ठीक होणं थोडं थोडं अपुरं राहत जातं. स्वर ऐकू येत राहतात, पण स, श, च, ट यांसारख्या व्यंजनांना ओळख देणारे वरच्या पट्टीतले बारकावे निसटतात. ‘पाच’, ‘पाट’ आणि ‘पास’ एकसारखे वाटू लागतात. माणूस म्हणतो, ऐकू येतं, पण समजत नाही. लोक हल्ली पुटपुटतात. आपलं काही गेलं आहे हे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

तांबटांपासून कायद्यापर्यंत

हे दुखणं नवं नाही. १७०० साली बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या पुढच्या वाढीव आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन आहे. ही मंडळी एकाच वस्तीत राहत, दिवसभर तांब्यावर हातोडे मारत, आणि त्यातून त्यांना बहिरेपण येई. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ज्यांनी ठोक्यांचा आवाज ऐकला आहे, त्यांना हे वाचताना इटली फार दूर वाटणार नाही.

१८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी बॉयलर बनवणारे १०० कामगार, लोखंड ओतणारे १०० आणि टपाल वाटणारे १०० यांच्या कानांची तुलना केली. त्यांचं यंत्र होतं खिशातलं घड्याळ. त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, ते मोजायचं. बॉयलरवाल्यांचे कान इतर दोन्ही गटांपेक्षा कितीतरी अधिक निकामी निघाले. बॉयलरच्या पोटात बसून बाहेरून ठोकलेले रिव्हेट धरून ठेवणाऱ्यांची कल्पना केली, तर यात नवल नाही. नवल बार यांच्या पद्धतीचं आहे. गोंगाटातल्या माणसाशेजारी त्यांनी शांततेत चालणारा पोस्टमन उभा केला. तुलना केली तरच नुकसान दिसतं, हे सूत्र तिथेच सापडलं.

घड्याळाची जागा १९२० च्या दशकात विजेवर चालणाऱ्या ऑडिओमीटरने घेतली. १९७० मध्ये अमेरिकेत कामगार-सुरक्षेचा कायदा झाला आणि १९८३ मध्ये श्रवणरक्षणाचे सविस्तर नियम आले. आता कामगाराची तुलना पोस्टमनशी करायची गरज उरली नाही. ती त्याच्या स्वतःच्याच जुन्या कानाशी होऊ लागली.

चाचणी घेणाऱ्याचं शिक्षण

तुलना खरी ठरायची तर दोन्ही वेळचं मोजमाप एकाच रीतीने व्हायला हवं. त्या २० तासांचा गाभा हाच आहे.

पुढच्या तुलनेचा आधार ठरणारी पायाभूत चाचणी गोंगाटातलं काम सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत व्हावी लागते. फिरत्या गाडीतून चाचणी होत असेल तर एक वर्षाची मुभा असते. त्याआधी किमान १४ तास कामाच्या ठिकाणचा गोंगाट कानावर पडलेला नसावा, म्हणजे रात्रीतून भरून येणारी तात्पुरती घट कायमची म्हणून नोंदली जात नाही. त्यानंतर दरवर्षी एक चाचणी.

रोज सकाळी आधी यंत्राची परीक्षा. ज्याचं ऐकणं स्थिर आहे आणि आधीच मोजलेलं आहे, अशा माणसाला चाचणीच्या बूथमध्ये बसवायचं. बऱ्याचदा तंत्रज्ञ स्वतःच बसतो. त्याचे आजचे आकडे नेहमीच्या आकड्यांशी जुळले, सुरात खरखर नसली, तरच पुढचं काम. तफावत १० डेसिबल किंवा जास्त निघाली तर यंत्राचं ध्वनिमापन करून घ्यावं लागतं. एवढं अचूक यंत्र, आणि त्याचा रोजचा साक्षीदार एका जिवंत माणसाचा कान! हे वाचून मला या शिस्तीबद्दल आदर वाटला.

मग कामगार येतो. त्याचा चष्मा, कानातले काढून ठेवायचे. कानात मळ साठला आहे का ते पाहायचं. लाल हेडफोन उजव्या कानावर, निळा डाव्या. तो तंत्रज्ञाने स्वतः बसवायचा, कारण जरा सरकला तरी वरच्या पट्टीतले आकडे बदलतात. सूचना स्पष्ट द्यायची: सूर कितीही बारीक असो, आला की नाही अशी शंका असली तरी बटण दाबा. सूचना ढिसाळ दिली तर काही माणसं पक्की खात्री होईपर्यंत थांबतात, आणि त्यांचा चांगला कान कागदावर वाईट ठरतो.

आता खरी कला. सहज ऐकू येईल अशा सुरापासून सुरुवात. उत्तर आलं की १० डेसिबल खाली. पुन्हा आलं, पुन्हा १० खाली. उत्तर थांबलं की ५ वर. चढताना ज्या पातळीवर निम्म्या किंवा अधिक वेळा उत्तर येतं, तो त्या सुराचा उंबरठा. ह्यूसन आणि वेस्टलेक यांनी १९४४ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. कारहार्ट आणि जर्गर यांनी १९५९ मध्ये तिला आजचं रूप दिलं. १,००० हर्ट्झपासून सुरू करून ५०० ते ६,००० हर्ट्झपर्यंतचे किमान सहा सूर, प्रत्येक कानासाठी वेगळे.

सूर ठरावीक अंतराने वाजवला तर कामगाराचा मेंदू ताल पकडतो आणि न ऐकताच बटण दाबतो. म्हणून मधली शांतता कधी छोटी, कधी मोठी ठेवायची. तंत्रज्ञाचा हात दिसता कामा नये, मान हलता कामा नये. ज्याच्या कानात सतत शीळ वाजते त्याला सूर आणि शीळ वेगळी करता येत नाही, त्याच्यासाठी तुटक सूर वापरायचा. कोण घाबरलाय, कोण दमलाय, कोणाला ऐकू येत असून तो थांबतोय, हे ओळखायचं. स्वतः सूर वाजवून आकडे छापणारी यंत्रंही आहेत, आणि ती चालवणाऱ्याला ओशाचा नियम प्रमाणपत्राची अटही घालत नाही. पण बूथमधल्या माणसाची बेचैनी यंत्राला दिसत नाही. म्हणून मला हे शिक्षण यंत्रयुगातही मोलाचं वाटतं.

जाण्याआधी दिसणारं नुकसान

या सगळ्या काटेकोरपणातून काय मिळतं, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका कामगाराचे पायाभूत आकडे असे: २,००० हर्ट्झला ५ डेसिबल, ३,००० ला १०, ४,००० ला १०. काही वर्षांनी तेच आकडे १०, २० आणि ३० झाले. घट अनुक्रमे ५, १० आणि २०. तिन्हींची सरासरी ११.७. नियम सांगतो, की कुठल्याही एका कानात ही सरासरी १० किंवा जास्त झाली की तो दखलपात्र बदल.

आता याच माणसाचे आजचे आकडे नुसते पाहा. त्यांची सरासरी २० भरते. २५ पर्यंतचं ऐकणं बरेचदा नॉर्मलमध्येच धरतात. हा माणूस घरी, बाजारात, फोनवर व्यवस्थित बोलतो. तपासायला गेला तर ‘कान चांगले आहेत’ असंच ऐकून परत येईल. पण जुना कागद शेजारी ठेवला की स्पष्ट दिसतं, की त्याच्या केसपेशी मरताहेत. बायकोला, मुलांना, त्याला स्वतःला कळायच्या कितीतरी आधी एका परक्या माणसाने टिपलेल्या रेघांत ते उमटलं आहे. या विषयातलं सर्वांत मोठं आश्चर्य मला हे वाटतं.

पुढची पावलंही ठरलेली आहेत. ३० दिवसांत फेरचाचणी घेता येते. बदल पक्का ठरला की २१ दिवसांच्या आत कामगाराला लेखी कळवायचं. इअरप्लग नीट बसतात का पाहायचं, नसतील तर दुसरे द्यायचे, आणि ते कसे घालायचे हे पुन्हा शिकवायचं. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग फारसं काही अडवत नाही.

प्रमाणपत्र आणखी एक गोष्ट शिकवतं: कुठे थांबायचं. हा तंत्रज्ञ रोगनिदान करत नाही. घट गोंगाटाने झाली की संसर्गाने की वयाने, हे तो ठरवत नाही. त्याच्यावर ऑडिओलॉजिस्ट किंवा डॉक्टरची देखरेख असते, आणि संशयास्पद आलेख त्यांच्याकडे जातात. प्रमाणपत्र मिळालं म्हणून त्याला दुसऱ्याला प्रमाणपत्रासाठी शिकवताही येत नाही. २० तास का पुरतात, याचं उत्तर मला इथे मिळालं. एकच काम, दर वेळी तसंच, आणि आपल्या हद्दीचं पक्कं भान.

चाचणीलाही तिची हद्द आहे. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर उंबरठा पूर्ववत झाला तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले कित्येक दुवे कायमचे तुटलेले असू शकतात. म्हणजे सकाळी ‘ठीक’ वाटणारा कानही पूर्ण ठीक असेलच असं नाही. शांत बूथमधल्या सुरांना हे नुकसान सहज दिसत नाही. म्हणूनच आवाज मुळातच कमी करणं हा पहिला उपाय, इअरप्लग त्यानंतरचा.

आपल्याकडच्या कानांसाठी

गोंगाटाने येणारं बहिरेपण भारतातल्या कामगार-सुरक्षा कायद्याच्या सूचित रोगांच्या यादीतही आहे. श्रवणशास्त्र शिकवणाऱ्या मोठ्या संस्था आपल्याकडे आहेत: म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून. दुसरीकडे भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव इथले यंत्रमाग आहेत, पिंपरी-चिंचवडचे प्रेस शॉप आहेत. दोन हातांवर उभ्या असलेल्या सहकाऱ्याशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर तिथला आवाज कानाला घातक पातळीवर असण्याची दाट शक्यता आहे. हे ओळखायला यंत्र लागत नाही.

पण नुकसान ओळखायला जुना कागद लागतो, आणि तो कान चांगला असतानाच काढून ठेवावा लागतो. बहिरेपण आल्यावर केलेली पहिली चाचणी किती गेलं ते सांगेल. कधीपासून जात होतं आणि कधी थांबवता आलं असतं, हे सांगू शकणार नाही. म्हणून घरातला कुणी नव्याने माग, प्रेस किंवा फोर्जिंगवर उभा राहणार असेल, तर कामाच्या पहिल्याच आठवड्यात, रात्रभर शांत झोप काढून, त्याची ऑडिओमेट्री करून घ्या. तो आलेख कारखान्याच्या फाइलबरोबर घरीही जपून ठेवा. दरवर्षी नवा आलेख आला की दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा, आणि रेघ खाली सरकलेली दिसली तर ‘मला तर नीट ऐकू येतं’ या त्याच्या शब्दापेक्षा त्या रेघेवर विश्वास ठेवा.